असं निजवू?

९ जानेवारी

पोहोचलो एकदाचे! खुजंद शहर सोडल्यापासून फर्रुख माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. चोरबेदमध्ये गाडी थांबली मात्र, आणि त्यानं असा टाहो फोडला की शेजारपाजारच्या बायका दारात आल्या. सुहरोब म्हणाला, पोरगा आवाजानं आईवर गेलाय, आता गावाला भोंगा नको. मी म्हटलं, तुमच्या घराण्यात सगळे मुके, कुणीतरी बोलणारं हवंच की.

खोल्या छान आहेत. वरच्या मजल्यावर दोन, लाकडी सज्जा, समोर नुसता डोंगर. खाली घरमालकीण खोसियत अम्मा. मुलं शहरात गेलेली, त्यामुळे एकट्याच असतात. मी बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी तुपात भाजलेल्या पिठाची गरम पेज पुढे केली आणि मी वाडगा पुसून खाल्ला तेव्हाच मला सोडलं. बाळंतिणीनं लाजायचं नसतं म्हणे. मला लाज कुणी शिकवलीच नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळेल.

सुहरोब घाटात बर्फ हटवायचं यंत्र चालवतो. हिवाळाभर त्याचा मुक्काम वरच्या चौकीवर, अधूनमधून खाली येणार. तेवढ्यासाठीच आम्ही इथे आलो, नाहीतर बापलेकाची भेट बर्फ वितळल्यावरच झाली असती. ही वहीही त्यानंच दिली. बोलायला माणूस नसलं की मी भिंतीशी बोलते, हे त्याला माहीत आहे.

१२ जानेवारी

दिवसभराचा माझा उद्योग एकच: फर्रुखला घालणं, काढणं, गुंडाळणं, सोडणं. आईनं निघताना सगळं पाठ करून घेतलंय. आधी सुती झबलं, वर लोकरीचं अंगडं. खोलीत शेगडी असेल तर टोपडं काढायचं. निजवायचं उताणं. दुपटं छातीशी नीट, पण पायांशी ढिलं, गुडघे वाकायला जागा हवी. नाकातोंडावर कापड म्हणून येऊ द्यायचं नाही. आणि गुंडाळून झालं की छातीशी दोन बोटं घालून बघायची. दोन बोटं सहज गेली तर बाळ सुखात.

अम्मा म्हणतात, तू पोराचं माप घेतेस की कोटाचं? हसू देत. मी प्रत्येक वेळी दोन बोटं घालून बघते.

त्रास एवढाच की तो आता दुपट्यात राहत नाही. झोपेत दचकतो, हात सोडवून घेतो आणि स्वतःच्याच हाताला घाबरून रडतो. पाळणा हवाय. पहिल्या मुलाचा पाळणा माहेरहून यायचा, आईनं रंगवून घेतलाय, पण रस्त्यावर दरड आणि बर्फ दोन्ही आलंय. आईनं फोनवर डोळे पुसले असणार, मला आवाजावरून कळतं. शेवटी अम्मा म्हणाल्या की त्यांचा घ्यावा. त्यांची सगळी पोरं त्यात वाढली आणि सगळी ठणठणीत आहेत. एक तर म्हणे इतका जाडा झालाय की पुन्हा पाळण्यात घातला तर पाळणाच रडेल.

१६ जानेवारी

आज फर्रुखला पाळण्यात घातलं. गावातल्या बऱ्याच बायका आल्या, नान आणि हलवा घेऊन. अम्मांनी दृष्ट लागू नये म्हणून इस्पंदाच्या बियांची धुरी अशी केली की बाळापेक्षा आम्हीच जास्त शुद्ध झालो. अक्रोड, बेदाणे, गोळ्या उधळल्या आणि म्हाताऱ्यासुद्धा पोरींसारख्या वेचायला लागल्या.

पाळण्यात घालायचा मान बीबी मस्तूरांचा. गावात त्यांच्याहून म्हातारं कुणी नाही. मग नेहमीचा खेळ झाला. म्हातारीनं बाळाला मुद्दाम उलटं ठेवायचं, डोकं पायथ्याशी, आणि विचारायचं, असं निजवू? सगळ्यांनी ओरडायचं, नाही! मग पालथं घालून विचारायचं, असं निजवू? पुन्हा नाही! तिसऱ्यांदा सुलटं, उताणं, तेव्हा सगळ्यांनी हो म्हणायचं. शेंबड्या पोरालाही येतो हा खेळ.

आईनं समोर यायचं नसतं, म्हणून मी आतल्या दाराच्या पडद्याआड बसले होते. मला बोलायचं काहीच काम नव्हतं. पण गप्प बसेन ती मी कसली! बीबींनी त्याला उलटं ठेवून पहिल्यांदा विचारलं आणि बायका तोंड उघडायच्या आत मीच आतून ओरडले, "हो, असंच असू दे! पायाळू आहे तो, त्याला तसंच आवडतं!"

खोटं नाही ते. फर्रुख खरंच पायांकडून जन्मला, दोघांचाही जीव जाता जाता राहिला. बायका खो खो हसल्या. पडद्याच्या फटीतून मला बीबी दिसत होत्या, त्या हसल्या नाहीत. उलट्या ठेवलेल्या बाळावर हात ठेवून त्या थांबल्या, कुणीतरी नाही म्हणेल म्हणून. हसण्याच्या नादात कुणी म्हणालंच नाही. मग त्यांनी पालथं घालून विचारणं सोडूनच दिलं, त्याला सरळ सुलटं ठेवलं, पट्टे बांधले आणि चहाही न घेता निघून गेल्या.

अम्मा म्हणाल्या, म्हातारी आहे, कशानंही रुसते. मला जरा वाईट वाटलं. उद्या-परवा हलवा घेऊन जाईन.

१९ जानेवारी

पाळण्यात फर्रुखनं हात पाय टेकले! म्हणजे टेकलेच, कारण हलवता येत नाहीत. एक रुंद पट्टा छातीवरून आणि हातांवरून, दुसरा गुडघ्यांवरून, दोन्ही खाली दांडीला बांधायचे. माझी गाठ म्हणजे उजव्या हाताला साधा फास, बुटाच्या नाडीसारखा. वर आडव्या दांडीवरून आच्छादनं सोडायची. अम्मा सात टाकतात, मी दोनच टाकते आणि डोक्याकडची बाजू उघडी ठेवते.

काल अंगाई म्हणता म्हणता घसा बसला. सर्दी असावी. अम्मा म्हणाल्या, देवानं गावाला जरा विसावा दिला.

२२ जानेवारी

आज गंमत झाली. दुपारी फर्रुखला घाईघाईत बांधलं आणि लाकडं आणायला अंगणात गेले. परत येऊन बघते तर पट्टे किती सुरेख बसवलेले! एक सुरकुती नाही. दुपट्याची टोकं आत खोचलेली, आणि गाठ डाव्या हाताला, लपवलेली, मला आधी सापडलीसुद्धा नाही. फर्रुख इतका शांत झोपलेला की मी वाकून त्याचा श्वास ऐकला.

अम्मांचे आभार मानायला खाली गेले. त्यांनी हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजलेत, सुईत दोरा घालता येत नाही, पट्टे कसले बांधतात! उलट त्यांनाच वाटलं होतं की पोरगी शिकली. मग मीच बांधलं असेन. झोप कमी झाली की माणूस काय करतो ते त्यालाच कळत नाही.

२५ जानेवारी

पुन्हा डावी गाठ. मी दोन बोटं घालून बघितली. एकच गेलं, तेही ओढूनताणून.

सोडल्यावर त्याच्या छातीवर आडवे वळ होते. रडला नाही. हल्ली तो रडतच नाही. बायका कौतुक करतात, गुणाचं बाळ म्हणतात. मला तो पूर्वीचा टाहो हवाय.

माझा आवाज फार खाली गेलाय. अम्मांनी मधात चरबी कालवून दिली. देताना म्हणाल्या की सकाळी मात्र अंगाई छान लागली होती, घसा मोकळा झालेला ऐकून बरं वाटलं. सकाळी माझ्या घशातून शब्दसुद्धा फुटत नव्हता.

२७ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

दुपार होती, लख्ख ऊन, बर्फावरून उजेड आत येत होता. फर्रुखला मी स्वतः बांधलं, उताणं, डोकं खिडकीकडे. दोन आच्छादनं टाकली. शेजारीच बसून त्याच्या बाळोत्यांच्या घड्या करत होते. उठले नाही. डोळाही लागला नाही, शपथ घेऊन सांगते.

मग त्याचा श्वास ऐकू आला. तो पायथ्याकडून येत होता.

मी आच्छादन उचललं. उशीवर त्याचे पाय होते, एकमेकांना जुळवून, दुपट्यात नीट गुंडाळलेले. डोकं पायथ्याशी, मान लाकडाला टेकलेली. पट्टे ताणून बसलेले. आणि आच्छादनं दोन नव्हती. मोजली नाहीत, नुसती ओढून काढत राहिले, संपेचनात. खालची तर आमच्या घरातलीही नव्हती. जुनी, जड, लोकरीच्या ओल्या वासाची.

माझा मुलगा निळसर दिसत होता. बाहेर थंडीत नेला तेव्हा रडला. मीही रडले, पण माझ्या रडण्याला आवाज नव्हता.

२८ जानेवारी

फर्रुखला छातीशी बांधून बीबी मस्तूरांकडे गेले. हलवा नेला, तो त्यांनी बाजूला सरकवला. मी घोगऱ्या आवाजात जेमतेम सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

म्हणाल्या, पोरी, तो खेळ बायकांच्या करमणुकीसाठी नाही. बायका जमल्या की तीही येते, जिचं नाव घेत नाहीत ती, आणि दाराशी उभी राहते. सगळ्यांनी मिळून तिला ऐकवायचं असतं, की तुझ्या हातानं आमचं मूल निजवायचं नाही. तू तिला हो म्हणालीस. आणि म्हणालं कोण, तर आई. आता तिला वाटतं, मूल आपल्याच हाती दिलंय.

मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, पहिला प्रश्न गेला हातचा. दुसरा बाकी आहे. मी तो मुद्दाम विचारला नाही, पण ती विचारल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा नाही म्हण. दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नाही. ज्या तोंडानं हो म्हटलंस, त्याच तोंडानं, मोठ्यानं म्हण. मग तिचा हात सुटेल.

दुसरा प्रश्न पालथं घालून विचारतात.

निघताना बीबींनी माझ्या गळ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, आवाज जप.

३० जानेवारी

पाळणा खाली अम्मांच्या कोठीत ठेवला, दाराला कडी लावली. फर्रुख माझ्याजवळ गादीवर, सैल पिशवीसारख्या अंगड्यात, हात मोकळे. गरम पाणी, मध, पुन्हा गरम पाणी. दिवसभर कुणाशी बोलले नाही. साठवतेय. एकच शब्द हवाय मला.

मधेच हळूच म्हणून बघितला. निम्माच निघाला.

१ फेब्रुवारी

पाळणा नसला तरी तिचं अडत नाही.

चहा ओतायला वळले, तेवढंच. फर्रुख गादीवर गुंडाळलेला. खिडकीचा पडदा फाडून पट्टे केलेले. डावी गाठ. एक बोटही जात नाही. कात्रीनं कापले, कापताना त्याच्या दंडाला लागलं, त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

अम्मांना दाखवलं. त्यांच्या हातातला वाडगा पडला. मीच बांधलं असेन असं आता त्याही म्हणत नाहीत, आणि त्यानंच माझा धीर सुटलाय.

२ फेब्रुवारी

सुहरोबला फोन लागला. मी ओठ हलवले, श्वास सोडला, काहीच गेलं नाही पलीकडे. त्याला तर हसू येत होतं. म्हणाला, अगं पुन्हा का केलास? आत्ताच तर बोललो आपण. तूच म्हणालीस ना, सगळं छान आहे, फर्रुख शांत झोपतो, तू घाई करून खाली येऊ नकोस. घसा काय मस्त सुटलाय तुझा, अगदी माझी जुनी मव्झुना!

मग फोन कापला गेला. तेव्हापासून लागत नाही.

त्याला मेसेज लिहिला. जात नाही.

आवाज माझा गेलेला नाही. नेलाय.

४ फेब्रुवारी

रात्रभर बर्फ पडलं. रस्ता नाही. सकाळी अम्मा बीबींना आणायला निघाल्या, सुजलेल्या बोटांनी काठी धरून. मी नको म्हणून खुणा केल्या. म्हणाल्या, पोर तुझं असलं तरी पाळणा माझा आहे. कोठीचं दार उघडं दिसलं, तेव्हा त्यांनी पाठ फिरवून डोळे पुसले. पाळणा कोठीत नाही.

वर आहे. माझ्या खोलीत. खिडकीजवळ. मी आणला नाही.

फर्रुखला हातातून खाली ठेवलेलं नाही. दूध पाजते तेही उभ्यानं. जड झालाय. झोप —

नाही. झोपायचं नाही.

४ फेब्रुवारी, दुपार

अम्मा आल्या नाहीत अजून.

भिंतीवर कोळशानं लिहिलं. नाही. दारावर. पाळण्याच्या दांडीवर. मोठ्या अक्षरांत. तिला वाचता येत असेल का —

घसा दाबून बघितला, खोकून बघितला. रक्त आलं, शब्द आला नाही.

त्याचं नाक माझ्या मानेशी आहे. श्वास लागतोय गळ्याला. कोमट. लागतोय. मीच काय ते नाही म्हणायचं होतं, सगळ्या बायकांआधी, सगळ्यांहून मोठ्यानं, माझ्याएवढा आवाज कुणाचा होता तिथे! फर्रुखजान, माफ कर तुझ्या आईला —

५ फेब्रुवारी

ऊन आहे. बसले होते. भिंतीला पाठ. डोळे मिटले नव्हते, मिटले असतील क्षणभर —

मांडी मोकळी आहे.

पाळण्यावर आच्छादनं आहेत. सगळी. हलतोय हळूहळू. अंगाई चाललीय, माझ्या आवाजात, सुरात —

उठता येत नाही. गुडघ्यांवर पट्टा आहे. बोटं घालून बघितली. एकही जात नाही. उजवा हात अजून मोकळा. पेन्सिल —

अंगाई थांबली.

आच्छादन उचललंय तिनं. मला दिसावं म्हणून. पालथा आहे. तोंड उशीत. टोपडं घातलंय, नाडी डावीकडे. पाठ हलतेय अजून, हलतेय —

विचारतेय. किती मायेनं विचारतेय —

असं निजवू?

नाही

नाही नाही तोंड उघडलंय मी, आवाज — वही वर धरली, बघ, वाच, नाही, मी आई आहे, मी म्हणतेय, नाही —

पडद्याआडून कुणीतरी हसलं. मीच. त्या दिवशीची. खळखळून. हो, असंच असू —

नाही मी नाही ते मी नाही म्हण

पट्टा छातीवरून येतोय, हाताव

ना